समवाय-शिक्षण आणि कुलाब्याचा किनारा

शाळेची घंटा होते, गणिताचें पुस्तक मिटतें आणि भूगोलाचें उघडतें. पुन्हा घंटा होते, भूगोल मिटतो आणि इतिहास उघडतो. आपल्यापैकीं बहुतेकांचें शालेय जीवन या घंटांच्या तालावर गेलेलें आहे. म्हणून ही विभागणी जणूं निसर्गानेंच करून ठेविली आहे, असें आपणांस वाटूं लागतें. वस्तुतः मुलाच्या जीवनांत अशी घंटा कोठेंच होत नाहीं. अलिबाग, उरण, मुरूड किंवा श्रीवर्धन येथील कोळ्याचा मुलगा बापाबरोबर होडीवर जातो, तेव्हां तिथीवरून भरतीची वेळ काढणें हें गणित, वाऱ्याची दिशा ओळखणें हा भूगोल, मासळीची जात ओळखणें हें प्राणिशास्त्र आणि तिचा सौदा करणें हा व्यवहार, असे चार तास तो वेगवेगळे भरवीत नाहीं. तें सारें एकाच सकाळीं, एकाच कामांत, त्याच्यापुढें येऊन पडतें.

जें जीवनांत एकत्र आहे तें शाळेंतहि एकत्र शिकवावें, असा मोठा प्रयत्न विसाव्या शतकांत आपल्या देशांत झाला. त्या प्रयत्नाचा इतिहास आणि कुलाब्याच्या किनाऱ्याशीं, म्हणजे १९८१ पासून ज्या जिल्ह्यास आपण रायगड म्हणतों त्याच्या किनाऱ्याशीं, असलेला त्याचा संबंध, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या इतिहासाचा आरंभ १९३७ पासून करण्याचा प्रघात आहे. पण तो थोडा मागें नेला पाहिजे. इंग्रजी अमलापूर्वीं आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें गांवोगांव पंतोजींच्या शाळा चालत. ओसरीवर किंवा देवळांत मुलें बसत, धुळाक्षरें गिरवीत, मोडी वळण घटवीत आणि संध्याकाळीं परवचा म्हणत. त्या परवच्यांत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे चतुर्थांशाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. हीं कोष्टकें कोणा गणित्यानें केवळ बुद्धीच्या व्यायामासाठीं रचलेलीं नव्हतीं. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी अशा बाजारांत सव्वा मण भाताचे किंवा अडीच शेर तेलाचे पैसे तोंडीं काढावे लागत, आणि म्हणून तीं पाठ असावीं लागत. शाळेंतील गणित आणि पेठेंतील गणित यांच्यामध्यें भिंत नव्हती.

परंतु त्या शाळेचें उगाच कौतुक करून चालणार नाहीं. तेथें घोकंपट्टी होती, छडी होती, आणि ‘असें कां?’ हा प्रश्न विचारण्यास वाव नव्हता. मुलींना ती ओसरी बहुधा बंदच होती आणि अस्पृश्य मानिलेल्या जातींच्या मुलांना तर तिची पायरीहि चढतां येत नसे. जीवनाशीं संबंध होता, पण तो कांहीं घरांच्या जीवनाशीं होता. आणि त्या संबंधांतून विचार जागा होत नव्हता.

विचार जागा होणें म्हणजे काय, हें या किनाऱ्यावरीलच एका उदाहरणानें दाखवितों. अमावास्येस आणि पौर्णिमेस येथें दुपारीं आणि मध्यरात्रीं बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. पुढील तिथींना भरती किती वाजतां येईल, याचा एक ठोकळ हिशेब कोंकणांत प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे तितके वाजतां भरती. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजतां. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणून सहा वाजतां. हा हिशेब ज्याला येतो त्याची होडी चिखलांत अडकत नाहीं, आणि कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळीं पायीं गेलेला माणूस परततांना पाण्यांत सांपडत नाहीं. येथपर्यंत पंतोजींची पाऊणकी पुरते.

पण आतां चौकस मुलगा विचारील कीं, पौर्णिमेस पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात, आणि भरती तर पुन्हा बारालाच येते. मग हा पाऊण तास गेला कोठें? या प्रश्नाचें उत्तर पाठांतरांत नाहीं. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरती बारा तास मागें सरते, म्हणजे दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें, अर्थात् जुन्या मापानें बरोबर दोन घटका. पाऊणकी मात्र पंचेचाळीसच मिनिटें धरते. दर तिथीस तीन मिनिटें सुटलीं आणि पंधरा तिथींत त्यांचा पाऊण तास झाला. हें उत्तर सांपडलें कीं, भरती चंद्रावर कां अवलंबून असते, चंद्र रोज उशिरां कां उगवतो, पृथ्वी फिरते आणि चंद्रहि पुढें सरकतो म्हणजे काय, हे सारे प्रश्न एकामागून एक दार ठोठावूं लागतात. किनाऱ्यावरील ठोकताळ्यापासून खगोलापर्यंत मुलगा एकाच धाग्यानें जातो. शिक्षणशास्त्रांत ज्याला पुढें ‘समवाय’ म्हणूं लागले, त्याचें बीज हें असें आहे.

१८५५ त मुंबई इलाख्यांत सरकारी शिक्षणखातें स्थापन झालें. छापील क्रमिक पुस्तकें आलीं, नकाशा आला, भूगोल आणि व्याकरण हे स्वतंत्र विषय झाले, तपासनीस आले, परीक्षा आल्या. या व्यवस्थेनें पुष्कळ हित केलें. शाळा ही तत्त्वतः तरी सर्वांची झाली, आणि ज्ञान हें पंतोजींच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलें नाहीं. पण त्याच वेळीं विषयांच्या भिंती उभ्या राहिल्या. जो विषय परीक्षेंत बसत नव्हता तो शाळेंतहि बसेना. खाडीकांठच्या मुलास टेम्स नदी नकाशांत दाखवितां येऊं लागली. त्याच्या गांवाजवळील कुंडलिका किंवा अंबा कोठून निघते, हें विचारण्याचें कारण कोणास उरलें नाहीं.

या उणिवेवर बोट ठेवणारे पहिले थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८२ त हंटर शिक्षण-आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत निदान बाराव्या वर्षापर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी होती. शिक्षण कोणतें द्यावें, हेंहि त्यांनीं सांगितलें: मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांचीं मूलतत्त्वें, शेतीचें प्राथमिक ज्ञान, तसेच नीति आणि आरोग्य यांवरील कांहीं पाठ. खेड्यांतील शाळेंत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण त्यांचें व्यावहारिक मोल शहरांतील विषयांहून कमी असतां कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, फुल्यांनीं शेतीचें ज्ञान मागितलें तें शेतकऱ्याचा मुलगा शेतांतच राहावा म्हणून नव्हे. ज्याला हिशेब येत नाहीं त्याला सावकार आणि कुळकर्णी फसवितात, हें त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांच्या दृष्टीनें जीवनाशीं जोडलेलें शिक्षण हें संरक्षणाचें शस्त्र होतें.

पुढें जगांत इतरत्रहि याच दिशेनें विचार होऊं लागला. अमेरिकेंत जॉन ड्यूई यांनीं १८९६ त शिकागो विद्यापीठांत एक प्रायोगिक शाळा काढिली. स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम अशा घरगुती उद्योगांभोंवतीं तेथें शास्त्र, गणित आणि इतिहास गुंफिले जात. दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींनीं १९१० त टॉलस्टॉय फार्मवर मुलांना शरीरश्रमाबरोबर शिक्षण देण्याचा प्रयोग केला. रवींद्रनाथांनीं १९२४ त खेड्यांतील मुलांकरितां शिक्षासत्र सुरू केलें. हे प्रयोग एकमेकांपासून दूर झाले, आणि त्यांच्या प्रेरणाहि निरनिराळ्या होत्या; तरी सर्वांची तक्रार एकच होती: शाळेनें मूल घरापासून तोडलें आणि ज्ञान कामापासून तोडलें.

आतां १९३७ सालाकडे येऊं. त्या वर्षीं २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत आणि सक्तीचें शिक्षण, मातृभाषा हें माध्यम, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं सर्व शिक्षणाची रचना, हीं तत्त्वें तेथें मांडिलीं गेलीं. अभ्यासक्रम आंखण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमिली गेली. तिच्यांत काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्याबरोबर विनोबा भावे हेहि होते.

विनोबांचें नांव येथें मुद्दाम घेतों. पेण तालुक्यांतील गागोदें या लहानशा गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यांचा जन्म झाला, आणि त्यांचें बालपण तेथें गेलें. पुढें वडिलांच्या नोकरीमुळें कुटुंब बडोद्यास राहूं लागलें. १९१६ त इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस जावयास निघालेले विनोबा वाटेंत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. ज्या शिक्षणानें हात रिकामे राहतात त्याच्याकडे त्यांनीं अशी पाठ फिरविली. १९२१ पासून वर्ध्याच्या आश्रमांत कताई, विणकाम आणि अध्ययन हीं ते एकत्रच चालवीत होते. तात्पर्य, राष्ट्रीय शिक्षणाचा नवा आराखडा जेथें तयार झाला, त्या बैठकींत कुलाबा जिल्ह्यांतील एका खेड्याचा पुत्र बसलेला होता.

‘समवाय’ हा शब्द न्याय-वैशेषिक दर्शनांतला आहे. ज्या दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या काढतां येत नाहींत, त्यांच्यांतील नित्य संबंधास समवाय म्हणतात. आणि शास्त्रकार त्याचें नेहमींचें उदाहरण देतात तें तंतूंचें आणि वस्त्राचें. सूत आणि ज्ञान एकत्र कातूं पाहणाऱ्या शिक्षणपद्धतीस याहून समर्पक संज्ञा मिळणें कठीण होतें. झाकिर हुसेन समितीनें २ डिसेंबर १९३७ रोजीं आपला अहवाल सादर केला. मुलाचा नैसर्गिक परिसर, त्याचा सामाजिक परिसर आणि या दोहोंना जोडणारा हस्तोद्योग, अशीं समवायाचीं तीन केंद्रें तिनें सांगितलीं. साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें उद्योगाला, चाळीस मिनिटें मातृभाषेला, चाळीस मिनिटें संगीत, चित्रकला आणि गणित यांना, तीस मिनिटें समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना, दहा मिनिटें व्यायामाला आणि दहा मिनिटें सुट्टीला, असा तिचा वेळेचा आराखडा होता.

या आराखड्याकडे पाहिलें कीं, त्याचें सामर्थ्य आणि त्याचें दौर्बल्य हीं दोन्ही दिसूं लागतात. तीन केंद्रें सांगितलीं खरीं; पण वेळ मात्र एकाच केंद्राला मिळाला. शिवाय मुलांनीं तयार केलेल्या मालांतून निदान शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. प्रा. के. टी. शहा यांनीं या स्वावलंबनाच्या कलमावर वर्ध्याच्या परिषदेंतच आक्षेप घेतला. मुलांचा माल बाजारांत आला, तर कारागिराशीं स्पर्धा होईल. आणि उत्पन्नाकडे डोळे लागले, तर शिक्षक शिकविण्यापेक्षां माल काढून घेण्याकडे वळेल, ही भीति निराधार नव्हती.

मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर हे मुख्य मंत्री होते आणि शिक्षणखातेंहि त्यांच्याकडेच होतें. त्यांच्या मंत्रिमंडळानें निवडक क्षेत्रांत मूलोद्योग शाळा सुरू केल्या. १९३९ त या शिक्षणाची पहिली अखिल भारतीय परिषद पुण्यास भरली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि काम मंदावलें. १९४६ त लोकनियुक्त मंत्रिमंडळ परत आलें तेव्हां त्यास पुन्हा चालना मिळाली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या कांहीं वर्षांत टकळी ही प्राथमिक शाळेची जणूं खूण बनली.

आणि येथेंच घोटाळा झाला. समवाय म्हणजे परिसराचें ज्ञान, हें विसरून समवाय म्हणजे टकळी असें समीकरण रूढ झालें. टकळीवरून तंतु, तंतूवरून कापूस, कापसावरून इजिप्त आणि इजिप्तवरून पिरॅमिड, अशी ओढाताण करून पाठ घेतले, तर तो समवाय होत नाहीं. ती शब्दांची सांखळी होते. ज्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर कापूस पिकत नाहीं, भात, नारळ, सुपारी, मीठ आणि मासळी हेंच जेथील जीवन आहे, तेथें पेळू बाहेरून आणून सूत काढविण्यांत परिसराशीं नातें तें कोणतें राहिलें?

वास्तविक या किनाऱ्याला केंद्रांची वाण नव्हती. पेण आणि उरण येथील मिठागरें घ्या. समुद्राच्या शंभर शेर पाण्यांत सुमारें साडेतीन शेर क्षार असतात. उधाणाच्या भरतीचें पाणी आगरांत घेऊन उन्हानें आटवीत नेलें, म्हणजे प्रथम चुन्याचे क्षार तळाशीं बसतात, मग खाण्याचें मीठ धरतें, आणि मागें राहिलेल्या पाण्यांत मॅग्नेशियमचे कडू क्षार उरतात; म्हणून मीठ योग्य वेळीं ओढून घ्यावें लागतें. यांत रसायन आहे, ऋतुमान आहे, मोजमाप आहे. आणि त्या मिठावर कर कां होता, १९३० त त्यासाठीं देश कां उठला, तो कर १९४७ त कसा गेला, हा इतिहासहि त्याच आगरांत आहे. खारेपाटांतील बांध घ्या. भरतीचें पाणी शेतांत येऊं नये आणि पावसाचें पाणी मात्र बाहेर जावें, यासाठीं बांधांत उघाडी ठेवितात. भरतीच्या दाबानें तिची झडप मिटते आणि ओहोटीस ती उघडते. एके ठिकाणीं बांध फुटला, तर साऱ्या गांवाची जमीन खारावते आणि ती गोडी होण्यास पुढें कांहीं पावसाळे जावे लागतात. पाण्याचा दाब आणि गांवाची एकजूट हे दोन पाठ येथें एकाच बांधावर शिकतां येतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांमुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील सूक्ष्म वेध बिघडणार, म्हणून १९०४ त ती येथें आणिली गेली, आणि इमारतींत लोखंड टाळण्यांत आलें. लोहचुंबकाचा धडा पुस्तकांत वाचणाऱ्या मुलास, पृथ्वी स्वतःच एक लोहचुंबक आहे आणि तिचे वेध आपल्याच गांवीं घेतले जातात, हें कळलें तर त्या धड्याचें रूप पालटेल.

पण श्रोतेहो, या विषयाचा खरा कस निसर्गाच्या परिसरांत लागत नाहीं. तो सामाजिक परिसरांत लागतो. त्यासाठीं पुन्हा एकदां १९३७ हेंच साल पाहूं.

त्या वर्षाच्या १७ मार्चला मुंबईच्या उच्च न्यायालयानें महाडच्या चवदार तळ्याचा निकाल दिला. १९२३ त रावबहादूर बोले यांच्या ठरावानें सार्वजनिक पाणवठे आणि सार्वजनिक शाळा अस्पृश्यांस खुल्या केल्या होत्या. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आणि त्यांच्या अनुयायांनीं त्या तळ्याचें पाणी घेतलें. आणि तो हक्क न्यायालयांत कायम होण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. त्याच १९३७ च्या १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबई विधिमंडळांत मांडिलें. आणि अलिबाग तालुक्यांत चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ च्या ऑक्टोबरांत सुरू केलेला शेतकऱ्यांचा संप त्या वेळीं चौथें वर्ष ओलांडीत होता. जमीन ओसाड राहिली, कुळें लांकूडफाट्यावर आणि मासळीवर दिवस काढीत राहिलीं, पण खंडाच्या जुलमी अटींपुढें तीं वांकलीं नाहींत. तो संप १९३९ पर्यंत चालला आणि त्याच वर्षीं मुंबई प्रांतांत कुळकायदा झाला.

वर्ध्याची परिषद भरली तो ऑक्टोबर या सर्व घटनांच्या मधोमध येतो. आतां विचार करा: महाडच्या ज्या मुलाला तळ्यावर जाण्याची बंदी होती, त्याचा ‘पाण्याचा’ दैनंदिन अनुभव कोणता? चरीच्या ज्या कुळाच्या घरीं पिकलेल्या भाताचा मोठा भाग खळ्यावरूनच निघून जात होता, त्याच्या मुलाचा ‘शेतीचा’ अनुभव कोणता? अनुभवाभोंवतीं शिक्षण गुंफावयाचें, तर हे अनुभवहि त्यांत आले पाहिजेत. पाण्याच्या पाठांत बाष्पीभवन आलें आणि बंदी आली नाहीं, भाताच्या पाठांत बियाणें आलें आणि खंड आला नाहीं, तर तें जीवनाचें शिक्षण न राहतां त्याचें सोंवळें चित्र होतें.

याच ठिकाणीं पालकांच्या मनांतील संशय समजून घेतला पाहिजे. मूलोद्योग शाळांना खेड्यांतून जो विरोध झाला, त्याला पुष्कळांनीं अज्ञान म्हटलें. पण कुळानें, कोळ्यानें किंवा महारानें आपलें मूल शाळेंत पाठविलें तें घरचेंच काम तेथें करावें म्हणून नव्हे. जें काम पिढ्यान्पिढ्या जन्मामुळें गळ्यांत पडलें होतें, त्यांतून सुटण्याचा मार्ग त्याला शाळेंत दिसत होता. शहरांतील मुलास इंग्रजी आणि खेड्यांतील मुलास टकळी, अशी वांटणी प्रत्यक्षांत होऊं लागली, तेव्हां त्याचा संशय अधिकच दृढ झाला. या आक्षेपांत मला मोठें तथ्य दिसतें. अनुभव हा शिक्षणाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावरून घरांत शिरावयाचें असतें. त्याच्यावरच मुलाला बसवून ठेवणें हें शिक्षण नव्हे.

हा भेद ज्यांना अचूक समजला होता, अशा दोन स्त्रियांचें कार्य याच किनाऱ्याच्या उत्तर भागांत, त्या काळच्या ठाणें जिल्ह्यांत, उभें राहिलें. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ त नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीचा त्यांनीं सखोल अभ्यास केला होता. पण तिचीं महागडीं साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं. १९४५ त बोर्डी येथें त्यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शिंपले, बिया, खडे, बांबू, पानें, माती, जें समुद्रकांठीं आणि रानांत फुकट मिळतें, त्यांतून त्यांनीं मोजण्याचीं, वर्गीकरणाचीं आणि स्पर्शज्ञानाचीं साधनें बनविलीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा त्यांच्या अंगणांत नेली. पुढें १९५७ त हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथील मुलें दिवसभर गुरें राखीत. म्हणून अनुताईंनीं शाळाच कुरणांत नेली. ती कुरणशाळा.

वर्ध्याच्या आराखड्याहून या कामांत एक मोठा फरक होता. येथें मुलांवर कोणता उद्योग लादिलेला नव्हता आणि त्यांच्या श्रमांतून पगार निघावा ही अपेक्षाहि नव्हती. गुरें राखणें हा त्यांच्या जीवनाचा भाग होता. म्हणून आरंभ तेथून केला. पण त्यांना कायमचे गुराखी करावें, हा हेतु कधींच नव्हता. कुरणापासून अक्षरापर्यंत, आणि अक्षरापासून पुढील शाळेपर्यंत वाट काढणें, हें त्यांचें ध्येय होतें. १९७५ त देशभर जी अंगणवाडीची योजना सुरू झाली, तिच्या नांवांत आणि कल्पनेंत बोर्डीच्या त्या अंगणांची आठवण आहे.

वर्धा योजनेचें पुढें काय झालें, हें थोडक्यांत सांगतों. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें हस्तोद्योगाऐवजीं ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढें आणिला. आठवड्यांतून थोडे तास मिळणारा तो आणखी एक विषय झाला, आणि जी घंटा मोडावयाची होती तिच्याच तालावर तोहि चालूं लागला. पण मूळ कल्पना मेली नाहीं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें शाळेबाहेरील जीवनाशीं ज्ञान जोडणें हें आपलें पहिलें मार्गदर्शक तत्त्व मानिलें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. सत्तर-ऐंशीं वर्षांत नांवें बदललीं; गरज तीच राहिली.

दरम्यान किनाराहि बदलला आहे. १९८९ त न्हावा-शेवा येथें मोठें बंदर झालें, उरणचीं पुष्कळशीं मिठागरें गेलीं, खारेपाटांत कारखाने आले. तेव्हां आजच्या मुलाचा परिसर म्हणजे त्याच्या आजोबांचा परिसर नव्हे. मीठ आणि होडी यांचें स्मरणरंजन करून समवाय साधणार नाहीं. बंदरांतील पेट्या कोठून येतात आणि कोठें जातात, बांधाची डागडुजी कोणीं करावी, मासळी कमी कां झाली, गेलेल्या जमिनीचा मोबदला कसा मोजला, हेहि आजच्या मुलाचे दैनंदिन अनुभव आहेत, आणि त्यांत गणित, भूगोल, शास्त्र व नागरिकशास्त्र पूर्वीइतकेंच एकत्र गुंफिलेलें आहे.

या इतिहासावरून शिक्षकांना आणि पालकांना तीन कसोट्या सांपडतात, असें मला वाटतें. पहिली, घेतलेल्या अनुभवांत मुलाला पूर्वीं न सुचलेला प्रश्न असला पाहिजे. पाऊणकींत हरवलेल्या पाऊण तासासारखा. दुसरी, त्या प्रश्नानें मुलाला त्याच्या गांवापलीकडे आणि त्याच्या जन्मानें आंखलेल्या सीमेपलीकडे नेलें पाहिजे. तिसरी, अनुभव सर्वांचा असला पाहिजे. ज्याला तळ्यावर येऊं दिलें नाहीं त्याचाहि. यांपैकीं एकहि कसोटी सुटली, तर समवाय हा शब्द उरतो आणि शिक्षण हरवतें. आणि या तिन्ही कसोट्यांना उतरावयाचें, तर शिक्षकाला पुस्तकाइतकाच आपला गांव वाचतां आला पाहिजे. त्यासाठीं नवें खातें लागत नाहीं कीं महागडीं साधनें लागत नाहींत. गांवचा बांध, बाजार आणि समुद्र हे रोज उघडेच असतात. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जाण्याची मोकळीक आणि वेळ शिक्षकाला देणें, एवढें मात्र आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.